चौथ्या टाकीची लाल लोकर

कागदाच्या कारखान्यात भिण्यासारखं पुष्कळ असतं. वाफ असते, उकळतं पाणी असतं, माणसाचा हात बघता बघता ओढून नेतील असे रूळ असतात. इर्मेली अहोकास त्रेचाळीस वर्षं या सगळ्यांत वावरली होती आणि यातल्या कशालाही भीत नव्हती. तिला भीती होती ती स्वतःच्या डोक्याची.

ऑगस्टमधली गोष्ट. पाळी संपवून ती कपडे बदलायला गेली आणि कपाटाच्या कुलपाचे चार आकडे आठवेनात. एकोणीस वर्षं तेच आकडे, मुलाच्या जन्माचं साल. ती कुलूप हातात धरून उभी राहिली. बाकीच्या बायका ‘येते गं’ म्हणत निघून गेल्या, ही आपली उभीच. शेवटी कामाच्या बुटांवरच ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आकडे आपोआप आठवले, जणू काही झालंच नव्हतं. पण झालं होतं. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं, चौसष्टाव्या वर्षी. आधी ती चुलीवरची कॉफी विसरली, मग चूल विसरली, आणि शेवटी इर्मेलीला. इर्मेलीला आता त्रेसष्ट पूर्ण झाली होती.

तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एक काळ्या पुठ्ठ्याची वही आणली आणि रोज सकाळी परीक्षेच्या पोरासारखी ती वाचून कामावर यायला लागली.

अशात सप्टेंबरमध्ये वरून फर्मान आलं. साठीच्या पुढचा एक आणि तिशीच्या आतला एक अशा जोड्या लावायच्या, आणि म्हाताऱ्यांनी आपल्याला येतं ते सगळं तरुणांना द्यायचं. साहेब सांतेरी वयाने अडतीस, ना इकडचा ना तिकडचा. त्याने सभेत मोठ्या उमाळ्याने सांगितलं, “तुमच्या डोक्यात खजिना आहे. तुम्ही निवृत्त होताना तो घरी घेऊन जाऊ नका.”

मागच्या रांगेतून रेइमा पुटपुटला, “आधी डोकं रिकामं करून घेतील, मग खुर्ची.”

रेइमा टाक्या धुणारा. तीस वर्षांचा सोबती. त्याच्या बोलण्यावर सगळे हसले, इर्मेलीही हसली. बाकीच्यांना भीती होती की सगळं सांगून टाकलं तर आपली गरज उरणार नाही. इर्मेलीची भीती वेगळी होती. हे लोक खजिना काढायला येतील आणि पेटी उघडल्यावर आत काही नसेल, असं तिला वाटायचं.

तिच्या वाट्याला वेन्ला आली. सव्वीस वर्षांची, केस अगदी बारीक कापलेले, बोलणं मोजकं. दोघींना मिळून एक यादी दिली होती, एकशे बारा कलमांची. एकेक गोष्ट शिकवायची आणि दोघींनी समोर सही करायची. वेन्ला चांगलं ऐकायची. फक्त अधूनमधून मान किंचित कलती करून इर्मेलीकडे बघायची, काही बोलायची नाही. ते बघणं इर्मेलीला सोसायचं नाही. पोरीला कळलं की काय, असं तिला वाटायचं.

यादीत एक गोष्ट नव्हती. ती कुठल्याच कागदावर नव्हती. कोणे एके काळी गरम पाण्याच्या नळांची फेरफार झाली तेव्हा तिसऱ्या टाकीच्या नळाला एक जुना फाटा तसाच राहून गेला. तो चौथ्या टाकीत उघडतो. नकाशात तो नाही. तीनदा तक्रार केली, तीनदा ‘पुढच्या वार्षिक बंदला बघू’ असं उत्तर आलं. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा तिसऱ्या टाकीचा कॉक उघडला की निम्मं पाणी चौथीत जातं, नव्वद अंशांचं. चौथीत माणूस उतरताना टाकीतल्या घुसळणीला कुलूप लावतात, दारावर पाटी लावतात, सगळं नियमाने. पण त्या कॉकचा नियम नाही, कारण कागदावर तो चौथीचा नाहीच. म्हणून जुन्या लोकांनी आपला नियम केला. चौथीत उतरणाऱ्याने नियंत्रण खोलीतून लाल लोकरीचा तुकडा घ्यायचा, स्वतः जाऊन त्या कॉकला बांधायचा, आणि बाहेर आल्यावर सोडून परत द्यायचा. लोकर इर्मेलीच्या विणकामाच्या पिशवीतली. त्या साध्याशा धाग्याच्या भरवशावर तीस वर्षांत कुणाच्या अंगावर एक फोडही आला नव्हता.

त्या दिवशी गुरुवार होता, नोव्हेंबरचा. कँटीनमधून वाटाण्याच्या सूपचा वास वर येत होता. पावणेदहाला रेइमा रबरी कपडे घालून खोलीत आला, उभ्याउभ्याच कॉफी प्यायला आणि हात पुढे केला.

“दे माझा विमा.”

इर्मेलीने मोज्यांच्या लोकरीतून वीतभर तुकडा कापून दिला. “जपून वापर. नातवाच्या मोज्याला कमी पडली तर तुझ्या घरी पाठवीन त्याला अनवाणी.”

“पाठव की. बर्फ काढायला माणूस हवाच आहे मला.”

तो गेला. वेन्ला तेव्हा खाली पंपांची फेरी मारत होती.

अर्ध्या तासाने पडद्यावर तिसऱ्या टाकीचा आकडा उतरायला लागला. लगदा थंड होत होता. थंड झाला की घट्ट होतो, घट्ट झाला की कागद तुटतो, आणि कागद तुटला की फोन वाजायला लागतात. यावर काय करायचं हे इर्मेलीचं बोटही झोपेत सांगेल. तिने रेडिओ उचलला.

“वेन्ला, दुसऱ्या मजल्यावर जा. तिसरीचा गरम पाण्याचा कॉक उघड. दोन फेरे.”

“दोन फेरे. जाते.”

झालं. तिने विणकाम हातात घेतलं. लोकरीचं टोक मांडीवर पडलं होतं, नुकतंच कापलेलं, दोरे अजून मोकळे न झालेलं. आपण लोकर का कापली? मोजा तर अर्धाच झालाय. ती त्या टोकाकडे बघत राहिली. बघता बघता तिला रेइमाचा पुढे केलेला हात दिसला.

तिने झडप घालून रेडिओ उचलला.

“वेन्ला! उघडू नकोस! वेन्ला!” रेडिओत नुसती खरखर. दुसऱ्या मजल्यावर त्या जाड भिंतींमागे रेडिओ कधीच लागत नाही, हे तिनेच पोरीला शिकवलं होतं, कलम चौतीस. चौथ्या टाकीच्या भोकाशी राखणीला बसलेल्या माणसाला तिने रेडिओवरच हाक मारली. त्याचे कान झाकलेले, आतून पाण्याच्या माऱ्याचा आवाज, त्याला काय ऐकू येणार? पाणी इथून थांबवताही येत नव्हतं. ते वरच्या हौदातून स्वतःच्या वजनाने उतरतं. एकच उपाय होता. ती पळाली.

साठ पायऱ्या. त्रेसष्ट वर्षांच्या गुडघ्यांना साठ पायऱ्या म्हणजे काय ते ज्याचं त्याला माहीत. पण तिला गुडघे जाणवतच नव्हते. डोक्यात एकच प्रश्न घण घालत होता: लोकरीचं वेन्लाला सांगितलंय का? यादीत तर ते नव्हतं, सही नव्हती, वहीत लिहिलेलं आठवत नव्हतं. कॉफी पिताना कुणाला तरी सांगितल्याचं तिच्या डोळ्यांपुढे येत होतं. समोर तरुण चेहरा, हातात कप. पण तो चेहरा वेन्लाचा होता की दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कुणाचा? तिने तो चेहरा आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. येईना. सांगितलं नसेल तर पोरगी लोकर बघेल, कुणीतरी टाकलेला कचरा समजून सोडून फेकेल आणि कॉक फिरवेल. शहाणी, टापटिपीची पोर, नक्कीच फेकेल. दोन फेरे म्हणजे चार सेकंद. आणि रेइमा खाली पाठमोरा, गुडघे टेकून, भिंत धूत असेल.

मारलं मी त्याला, ती म्हणत होती, मोठ्याने म्हणत होती. देवा, मारलं मी त्याला.

तिने दुसऱ्या मजल्याचं दार ढकललं.

वेन्ला कॉकशेजारी भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात स्वतःच पाठीमागे घट्ट धरलेले, चेहरा पांढराफटक. कॉकला लाल लोकर होती, गाठीसकट, जशीच्या तशी.

“नाही उघडला,” वेन्ला म्हणाली.

इर्मेली कॉकपाशी जाऊन खालीच बसली. बोलायला श्वास नव्हता. तिने कॉकच्या पुढच्या नळाला हात लावून पाहिला. गार होता. मग तिला रडू फुटलं.

“खाली येऊन तुला सांगणार होते,” वेन्ला हळूच म्हणाली. “पण वाटलं, मी इथून हलले आणि दुसऱ्या कुणी येऊन उघडला तर? म्हणून थांबले.”

“मी तुला लोकरीचं सांगितलं होतं?”

“हो.”

“कधी?”

वेन्लाने बुटांकडे बघितलं. “सप्टेंबरात. मग ऑक्टोबरात दोनदा. परवा पुन्हा.”

“चारदा?”

“चारदा. दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.”

आमच्या भागात माणूस एकच गोष्ट दहादा ऐकून घेईल, पण ‘हे तू मागेच सांगितलंस’ असं तोंडावर म्हणणार नाही. दुसऱ्याच्या घरात आग लागली तरी आधी दार वाजवायचं, आणि आतून आवाज आला नाही तर झोपले असतील म्हणून परत जायचं, अशी आमची सभ्यता. इर्मेलीला ही सभ्यता चांगली ठाऊक होती. तिने स्वतः आईच्या बाबतीत दोन वर्षं ती पाळली होती.

“मग बोलली का नाहीस, पोरी?”

“भीती वाटली. मला कळलंय हे तुला कळेल, याची.” वेन्ला म्हणाली. “आणि मला वाटायचं, मी नवी, तू त्रेचाळीस वर्षांची. माझंच चुकत असेल.”

दोन भित्र्या बायका तीन महिने एकमेकींसमोर बसून सह्या करत होत्या, आणि खाली एक माणूस टाकी धूत होता. 

“अजून एक आहे,” वेन्ला म्हणाली. “पहिल्या तीन वेळी तू म्हणालीस, लाल लोकर दिसली की साहेबाने सांगितलं तरी हात लावायचा नाही. परवा म्हणालीस, साहेबाने सांगितलं तरी, आणि मी सांगितलं तरी.”

इर्मेलीला ते बोलल्याचं अजिबात आठवत नव्हतं. तिच्या आत कुणीतरी होतं, ज्याला तिच्याआधी सगळं समजलं होतं, आणि ज्याने तिला न विचारता रेइमाची सोय करून ठेवली होती. हे कळल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. पण तिला मघापेक्षाही जास्त भीती वाटली.

रेइमा येईपर्यंत वेन्ला कॉकपाशीच थांबली. इर्मेली कठडा धरून खाली गेली, तिसऱ्या टाकीचा लगदा बाजूला वळवला, कागद तुटला तो तुटू दिला आणि वाजणारे फोन वाजू दिले. आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं?

साडेअकराला रेइमा आला, कोपरापर्यंत ओला, दाढीवर लगद्याचे पांढरे ठिपके. मागून वेन्ला. रेइमाने कप भरला, वेलचीचा पाव तोडून तोंडात टाकला. “काय झालं? कुणी मेलं की काय?”

न सांगता चाललं असतं. वेन्ला काही बोलली नसती, हे इर्मेलीला स्वच्छ दिसत होतं. डिसेंबरात निवृत्त होईपर्यंत ढकललं असतं, मग फुलं, भाषण, केक. मूठ झाकलेलीच राहिली असती. तिने खिडकीबाहेर बघितलं. तळ्याच्या कडेला बर्फ धरायला लागला होता.

“रेइमा, तू आत असताना मी तिसरीचा कॉक उघडायला सांगितला. तू आत आहेस हे मी विसरले. लोकर दिल्यावर अर्ध्या तासात विसरले. ही पोर थांबली म्हणून तू वाचलास.”

रेइमा चावायचा थांबला. “दोन फेरे?”

“दोन फेरे.”

त्याने कपात बघितलं. मग म्हणाला, “दाढीचा खर्च वाचला असता.” कुणी हसलं नाही, तोही नाही. त्याने कप बशीवर ठेवला.

“ऑगस्टपासून होतंय,” इर्मेली म्हणाली. “आत्ता सांतेरीकडे जाते. मग डॉक्टरकडे. तो फाटा कापल्याशिवाय चौथीत कुणी उतरायचं नाही, तेही सांगते. यादीत लिहून घ्यायला लावते.”

रेइमाने मान हलवली आणि खिशातून लोकरीचा ओला तुकडा काढला. तीस वर्षं तो तुकडा तिच्या तळहातावर परत येत होता. तिचा हात सवयीने पुढे गेलाही. रेइमाचा हात मध्येच थांबला. त्याने तिच्याकडे बघितलं, डोळे खाली केले आणि तुकडा वेन्लाच्या हातात दिला.

इर्मेलीचा हात तसाच पुढे राहिला. मग तिने तो मिटला, मांडीवर घेतला. दुसऱ्या हाताने पिशवीतला लाल गुंडा काढून वेन्लापुढे ठेवला.

“गाठ कशी मारायची ते सांगते,” ती म्हणाली. “दोन वेढे घ्यायचे, आणि टोक—”

वेन्लाची मान किंचित कलती झाली. तिने तुकडा मुठीत घट्ट धरला.

“हे तू मला सांगितलंयस, इर्मेली,” ती म्हणाली.