पाच पाट्यांचा फ्रीझर

प्राध्यापक ओदिलिया चापारो यांच्या प्रयोगशाळेत फ्रीझर एकच होता, पण त्याच्या पाठीवर पाच पाट्या ठोकलेल्या होत्या. जीवशास्त्राची, कृषीची, पशुवैद्यकाची, कायद्याची आणि संगीताची.

पहिल्या तिघांना फ्रीझर लागतो हे कुणालाही पटेल. कायदा शाखेने आपल्या अर्जात लिहिलं होतं की गोठवलेल्या पुराव्याचं न्यायशास्त्र हे उद्याचं क्षेत्र आहे. संगीत शाखेने काय लिहिलं होतं ते कुणी वाचलंच नव्हतं. मंजूर करणाऱ्यांनीही नाही, म्हणून तर ते मंजूर झालं.

पाच प्रकल्प, पाच फ्रीझरांचे पैसे, आणि आला एक फ्रीझर. बाकीच्या पैशांतून तासिकेवरच्या शिक्षकांचे थकलेले पगार झाले आणि वाचनालयाचं छप्पर गळायचं थांबलं. एक पेसोही कुणी खिशात घातला नाही. घातला असता तर निस्तरणं सोपं होतं. एक चोर सापडला की हिशेब जुळतो. इथे सगळेच प्रामाणिक, त्यामुळे हिशेब जुळायची सोयच राहिली नव्हती.

फ्रीझरने मात्र सगळ्यांचं भलं केलं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत शोधनिबंध छापून आला की गुण मिळतात, गुण मिळाले की पगार वाढतो आणि वाढलेला पगार मरेपर्यंत खाली येत नाही. संगीतवाल्यांनी फ्रीझरची घरघर कोणत्या स्वरात असते यावर तीन निबंध छापले. त्या घरघरीची मालकी कोणाची, यावर कायदेवाल्यांनी दोन छापले. सगळ्यांत कमी गुण ओदिलियाबाईंचे, कारण त्या फ्रीझर वापरत होत्या.

आत त्यांचं यीस्ट होतं. बोयाकाच्या डोंगरांतल्या गावोगावी मक्याची चिचा आंबवतात, आणि दर घरच्या मडक्यातलं यीस्ट वेगळं, म्हणून दर घरची चिचा वेगळी. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं एसटीसारख्या खडखडाटी बसने फिरून, स्वयंपाकघरांच्या पायऱ्यांवर बसून, नको तितकी चिचा पिऊन ते गोळा केलं होतं. आता निम्म्या घरांत बाटलीतली बियर आली होती आणि मडक्यांत जिरेनियमची रोपं लावली होती. त्या घरांची चव जगात एकाच ठिकाणी उरली होती: उणे ऐंशी अंशांत, दुसऱ्या खणात. एकदा वितळलं की ते परत आणायला मडकीही नव्हती आणि आज्याही नव्हत्या.

एका सोमवारी प्र-कुलगुरू एवेलिओ सेली प्रयोगशाळेत आले. त्या शहरात टाय बांधणाऱ्या कुणालाही ‘डॉक्टर’ म्हणतात. सेलींकडे डॉक्टरेट नव्हती, पण टाय पुष्कळ होते.

“डॉक्टर ओदिलिया, एक छोटीशी विनंती होती.”

“छोटी असेल तर फोनवर झाली असती, डॉक्टर.”

“गुरुवारी मूल्यांकन समिती येतेय. पुढच्या चार वर्षांचं संशोधन अनुदान तिच्या अहवालावर आहे. ते पाचही विद्याशाखा बघणार.”

“बघू देत की.”

“फ्रीझरसकट बघणार.” सेलींनी टाय सारखा केला. “चाकं आहेत ना त्याला?”

“मलाही पाय आहेत. म्हणून मी रोज बोगोटाला चालत जाते का?”

“पुढच्या शाखेत समिती पोचायच्या आत फ्रीझर तिथे पोचला पाहिजे, एवढंच. आम्ही त्यांना कॉफी पाजू, चीजचे गरम अल्मोहाबाना खायला घालू, नाच दाखवू. वेळ भरपूर मिळेल.”

“आणि तेवढा वेळ हा बंद राहणार?”

“दार उघडलं नाही तर अर्धा दिवस निभावतं म्हणे.”

“निभावतं. उघडलं की संपलं.” बाईंनी दारावर हात ठेवला, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा. “मग मी याच्याबरोबर येणार. पाचही ठिकाणी. आणि दाराला कुणी हात लावायचा नाही.”

“अहो, पाच ठिकाणी एकच बाई दिसली तर त्यांना काय वाटेल?”

“एकच फ्रीझर दिसला तर काय वाटेल?”

“फ्रीझर सारखेच असतात, डॉक्टर. कंपनीचा माल. माणसं सारखी नसतात.”

“पांढरा कोट घातला की असतात,” बाई म्हणाल्या.

दारात भांडारपाल बेलार्मिनो उभा होता. विद्यापीठाचं डेडस्टॉक रजिस्टर त्याच्या ताब्यात, आणि त्याचा धर्म एका ओळीचा: पाटी आहे ती वस्तू आहे, पाटी नाही ती वस्तू नाही. भूगोल विभागाची एक खुर्ची मागे आगीत जळाली होती. तिची पाटी शिल्लक राहिली. बेलार्मिनो दर डिसेंबरात टेबलाचा खण उघडून ती पाटी बघायचा आणि रजिस्टरात लिहायचा, ‘खुर्ची, स्थिती उत्तम’.

“बेलार्मिनो, तुम्ही तरी सांगा यांना,” बाई म्हणाल्या. “फ्रीझर किती आहेत?”

“पाच, बाई.”

“डोळ्यांनी किती दिसतात?”

“डोळ्यांची नोंद माझ्याकडे नसते.”

गुरुवारी समिती आली. तिघे जण होते. अध्यक्ष ओस्वाल्दो मारिमोन हे समुद्रकाठच्या विद्यापीठातले, मोठ्या आवाजाचे, पहिल्या भेटीतच सगळ्यांना अरेतुरे करणारे गृहस्थ. डोंगरातल्या थंडीने त्यांची गाळण उडाली होती. अंगावर रुआना नावाच्या दोन लोकरी घोंगड्या, एकावर एक, तरी दात वाजत होते. त्यांच्याबरोबर राजधानीतल्या एक चष्मेवाल्या बाई होत्या, त्या सगळं लिहून घेत होत्या. तिसरे सभासद खाण्यापुरते होते.

जीवशास्त्रात फ्रीझर आपल्या जागी होता. आकडा दाखवत होता उणे ऐंशी. मारिमोन म्हणाले, “बापरे, म्हणजे बाहेरच्यापेक्षा थोडंसंच कमी,” आणि पुढे निघाले.

समितीला सभागृहात नेऊन पारंपरिक नाच दाखवायला सुरुवात झाली. इकडे प्लग काढला, आणि चार हमालांनी फ्रीझर मागच्या दाराने काढून प्रार्थनामंदिरामागून, फुटबॉलच्या मैदानातून ढकलत नेला. मैदानावर सामना चालू होता. पंचाने शिट्टी वाजवून खेळ थांबवला, फ्रीझर गेला, खेळ पुन्हा सुरू झाला. मागून ओदिलियाबाई, एक हात दारावर. गवतात रुतणाऱ्या चाकांना त्या दर दहा पावलांनी शिव्या घालत होत्या.

कृषी शाखेत बॅटरीवरचा आकडा उणे चौऱ्याहत्तर.

“आपण भेटलोय का गं?” मारिमोननी विचारलं.

“जीवशास्त्रात माझी बहीण भेटली असेल.”

“हो का! एकाच विद्यापीठात दोघी?”

“नोकऱ्या कुठायत, डॉक्टर.”

पशुवैद्यक शाखेत उणे अडुसष्ट. बाईंनी केस सोडले होते.

“आणखी एक बहीण?”

“आई हौशी होती.”

कायदा शाखेत फ्रीझरला लाल फीत बांधून ‘पुरावा’ असा कागद डकवला होता. उणे साठ. बाईंनी शाखाप्रमुखाचा काळा झगा चढवला होता आणि त्यातून गवताची पाती पडत होती. मारिमोननी या वेळी नातं विचारलं नाही. “तुझ्या आईला एकदा भेटायचंय मला,” एवढंच म्हणाले. चष्मेवाल्या बाईंनी लिहिलं: फ्रीझर, चौथा, उत्तम.

संगीत शाखेला लिफ्ट नव्हती. हमालांनी फ्रीझर जिन्यावरून उचलून नेला, आणि वळणावर तो असा कलला की आतल्या नळ्या खळखळल्या. ओदिलियाबाईंचा जीव अर्धा झाला. वर रंगमंचावर, पियानोच्या शेजारी, त्याला उभा केला तेव्हा आकडा होता उणे एक्कावन्न. अजून थोडं वर गेलं असतं तर त्या नळ्यांतलं काही खरं नव्हतं.

समिती आली. तिसरे सभासद अल्मोहाबाना खातच आले. चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, “एक तरी उघडून बघायला हवा. नियम आहे.”

सेलींनी टाय धरला. ओदिलियाबाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“नाही उघडणार.”

“बाई, आम्ही समिती आहोत.”

“असाल. आत गावं आहेत. तुम्ही लिहायचं ते लिहा, अनुदान जायचं ते जाऊ दे. दार उघडायचं नाही.”

“अहो डॉक्टर, अनुदान...” सेली कळवळले.

मारिमोन पुढे आले. फ्रीझरच्या आकड्याकडे त्यांनी बराच वेळ बघितलं, मग वाकून चाकांत अडकलेलं गवत बघितलं, आणि बाईंच्या कानाशी येऊन, त्यांच्यापुरतं हळू म्हणजे निम्म्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, “राणी, पाच फ्रीझर बघितले, आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा गरम. आणखी दोन शाखा असत्या तर त्यात मी सूप तापवलं असतं.”

बाईंनी पाठ दारावरून हलवली नाही.

“आमच्याकडे संशोधनाची बोट आहे,” मारिमोन म्हणाले. “चार बोटी आहेत, म्हणजे एक आहे. समिती आली की आम्ही बोटीवर दुसरं नाव रंगवतो, वळसा घालून पुन्हा आणतो. एकदा रंग ओला होता. समितीतल्या एकाच्या हाताला ‘डॉल्फिन’मधला अर्धा मासा लागला. तो आजही माझा जिवलग मित्र आहे.” मग मोठ्याने म्हणाले, “दार उघडायची गरज नाही! घरघर ऐकली, अस्सल आहे.”

“घरघर कुठे येतेय? प्लग तर...” चष्मेवाल्या बाई म्हणू लागल्या.

“माझे दात वाजताहेत, त्यात तुला ऐकू येत नाही.” आणि ओदिलियाबाईंकडे वळून, “लाव लवकर.”

बाईंनी पियानोमागे प्लग लावला. आकडा थांबला, विचारात पडल्यासारखा जागच्या जागी राहिला, आणि हळूहळू उतरू लागला. बाई रंगमंचावरच खाली बसल्या.

महिन्याभरात अहवाल आला. अनुदान मिळालं. यंत्रसामग्रीला पैकीच्या पैकी गुण मिळाले, ‘सर्व विद्याशाखांत विलक्षण समानता’ असा शेरा होता. शेवटच्या पानावर चष्मेवाल्या बाईंची एक शिफारस: पाच फ्रीझर एका विद्यापीठाच्या गरजेपेक्षा जास्त दिसतात. चार गरजू भगिनी विद्यापीठांना बंधुभावाने द्यावेत. शिफारस पाळली तरच दुसरा हप्ता.

सेली धावत आले. “डॉक्टर, निदान एक तरी द्यावाच लागेल. समुद्रकाठच्यांना देऊ. अध्यक्ष त्यांचे.”

“एक दिला की उरले किती?”

“चार.”

“मोजा बरं इथे.”

सेलींनी मोजलं आणि खुर्चीवर बसले.

“बेलार्मिनोला बोलवा,” बाई म्हणाल्या.

बेलार्मिनो रजिस्टर काखेत घेऊन आला. बाईंनी विचारलं, “बेलार्मिनो, फ्रीझर द्यायचा म्हणजे काय द्यायचं?”

“पाटी, बाई. ती काढून त्यांच्याकडे चढली की वस्तू गेली.”

“आणि वस्तू?”

“तेच तर सांगतोय.”

असा समारंभ ठरला. चारही विद्यापीठांचे प्रतिनिधी ट्रक घेऊन आले, समुद्रकाठचे मारिमोन स्वतः आले, दोन रुआना घालूनच. राष्ट्रगीत झालं, प्रांतगीत झालं, विद्यापीठगीत झालं. मग सेलींनी मखमली डब्यांतून चार पाट्या चौघांना दिल्या. ओदिलियाबाईंना वाटलं, आता भांडण होणार. भांडण कुठलं! तिघांनी पाटी उजेडात धरून क्रमांक वाचला आणि त्यांचे चेहरे असे खुलले, जसा जावई बघून सासूचा खुलावा. त्यांच्याकडेही अर्ज होते, गुण होते, समित्या होत्या. क्रमांक मिळाला की फ्रीझर आला. एकाने तर रिकाम्या ट्रकला आतून दोऱ्या बांधून घेतल्या, वाटेत हलायला नको म्हणून.

“फक्त एक,” दक्षिणेकडून आलेला प्रतिनिधी अदबीने म्हणाला. “ऑगस्टमध्ये आमच्याकडे समिती येते. तेव्हा दोन दिवस तेवढा प्रत्यक्ष...”

“आमच्याकडे सप्टेंबरात,” दुसरा म्हणाला.

“चाकं आहेतच त्याला,” तिसरा म्हणाला.

“राणी, माझ्याकडे तर बोटीने नेता येईल,” मारिमोन म्हणाले आणि डोळा मारायला गेले, पण बाईंचा चेहरा बघून तो डोळा अर्ध्यावर थांबला.

सेली हसत सगळ्यांना तारखा देऊ लागले होते. बाईंना डोळ्यांपुढे घाट दिसला, ट्रक दिसला, वितळलेल्या नळ्यांत तरंगणारी दुसऱ्या खणातली गावं दिसली. “एक मिनिट,” त्या म्हणाल्या आणि आत प्रयोगशाळेत गेल्या.

हमालांना त्यांनी फ्रीझर कलता धरायला लावला, प्लग न काढता. पाना स्वतः चालवला. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा कोटाच्या खिशांत चार चाकं होती आणि हात काळे झाले होते.

“पाटी नुसती कशी द्यायची? बरं दिसत नाही,” त्या म्हणाल्या आणि प्रत्येकाच्या डब्यात एकेक चाक ठेवत गेल्या. “ही वस्तूची सुरुवात.”

तिघांनी खाली मान घालून चाक बघितलं. मारिमोन गडगडाटी हसले, इतके की एक रुआना खांद्यावरून घसरली. “आणि बाकीचं?”

“हप्त्याहप्त्याने.”

सेलींचा चेहरा टायसारखा लाल झाला. “बेलार्मिनो! चाकं गेली! याची नोंद?”

बेलार्मिनोने चारही चाकं उलटसुलट करून पाहिली. “चाकांना पाटी नाही, डॉक्टर.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती नव्हतीच.”

ट्रक गेले. फ्रीझर चार विटांवर उभा होता, भिंतीला अंग टेकून, उणे ऐंशीत घरघरत. बाईंनी पुढच्या खुर्चीवर बसून बूट काढले. बेलार्मिनो मात्र खाली वाकून त्या विटांवर कुठे पाटी दिसते का ते कितीतरी वेळ न्याहाळत होता.