पुनाजीच्या डोळ्यांवरची काच

मी एक जुना पाणचष्मा आहे. पाणबुडे खाली बघायला तोंडावर चढवतात, तो. काळ्या रबराची चौकट, पुढे जाड काच. आता रबर तडकलंय, मित्रांनो. समुद्र इथून शेकडो कोस लांब, आणि मी हिंगणीजवळच्या एका मातीच्या घरात खुंटीला टांगलेला. कसा आलो ते सांगतो. गोड गोष्ट हवी असेल तर आत्ताच उठा.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. एका हौशी साहेबानं मला अंदमानाकडच्या बेटावर नेलं. पाठीवर हवेची टाकी बांधायची, नळी दातात धरायची आणि मुशी बघायला समुद्रात उतरायचं, हा त्याचा शौक. मुशी म्हणजे करवतीसारख्या दातांचा मासा. साहेबाचा सोबती आजारी पडला, म्हणून बोटीवरचा खलाशी पुनाजी मला चढवून खाली गेला. हा इथलाच माणूस. बोर नदीच्या डोहात पोहायला शिकलेला. साहेबानं बजावलं होतं, मुशीला पाठ दाखवू नको, नजर हटवू नको. पुनाजीनं नजर हटवली नाही. मुशीनं घिरटी घातली, माझ्या काचेत डोकावली आणि निघून गेली. तिचं पोट भरलेलं होतं.

खूश होऊन साहेबानं मला पुनाजीला देऊन टाकलं. १९५८च्या उन्हाळ्यात तो मला घेऊन गावी आला. दारात त्याची बहीण रामबाई बसलेली. तिची एकुलती लेक सखू वर्षभर बेपत्ता होती. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर सखूनं रूपराव मालगुजाराच्या बगीच्यातल्या विहिरीवर घागर भरली होती, कुणाला न विचारता. त्याच आठवड्यात ती नाहीशी झाली. रूपराव म्हणे, नागपूरला पळाली कुणाबरोबर. गावही तेच म्हणे.

"पळाली असती तं चप्पल नेली असती ना, भाऊ?" रामबाई म्हणाली. "कोनाड्यात हाय तिची."

त्याच वैशाखात रूपरावाच्या पाणी उपसायच्या इंजिनाच्या नळाचं तोंड विहिरीच्या गाळात रुतलं. संत्र्याच्या झाडांनी माना टाकल्या. खाली उतरायला कुणी धजेना. त्यानं पुनाजीला बोलावलं.

"काऊन मालक, आमच्यानं विहीर बाटते ना?"

"बगीचा वाळून राह्यला अन् तुले मस्करी सुचते! उतर." मला बघून तो हसला. "अन् हे घोड्याचं झापड कायले? हातानं चाचप. पाण्यात डोयाले काय दिसते?"

तिथंच तो चुकला. नुसत्या डोळ्यांना पाण्यात धुकं दिसतं. माझ्यातून सगळं दिसतं.

भर दुपार होती. ऊन सरळ विहिरीत उतरलेलं. पुनाजीनं श्वास धरून बुडी मारली, नळ मोकळा केला. मग कोपऱ्यात काही हिरवं चमकलं. बांगड्या, आणि त्यांच्यात हाड. कमरेला जात्याची तळी, म्हणजे खालचा दगड, इंजिनाच्या पट्ट्यानं आवळलेली. गावात इंजिन एकच होतं. केस तेवढे हलत होते, जिवंतासारखे. काचेला पापणी नसते, मित्रांनो. मला डोळे मिटता आले नाहीत.

पुनाजी तो पट्टा हातात घेऊनच वर आला. काठावर रूपराव, त्याचे गडी, आणि मागे धावत आलेली रामबाई. रूपरावाचं तोंड पांढरं पडलं.

"टाक ते पाण्यात. जीव प्यारा हाय ना तुले?"

पुनाजीनं मला काढलं नाही. पायऱ्या चढत माझ्यातून त्याच्याकडे बघत राहिला. पाठ रूपरावानंच फिरवली.

पोलीस आले, मालगुजाराकडे जेवले, पाय घसरला असं लिहून गेले. कमरेला तळी बांधून कुणाचा पाय घसरतो? विचारा मोठ्यांना. त्या पाण्यावर पिकलेली संत्री साऱ्या गावानं चोखून खाल्ली होती. मुशी भरल्या पोटी मारत नाही. माणूस मारतो.

सखूला माती दिल्यावर रामबाईनं भावाला एवढंच विचारलं, "तिले खाली अंधार वाटला असन का रे?"

तिनं मला उचललं, कोरड्या अंगणात बसून डोळ्यांवर चढवलं. मग रोज चढवी, मरेपर्यंत. अजूनही माझ्या काचेवर आतून वाफ धरते. काचेमागे तोंड कुणाचंच नसतं.

मित्रांनो, मला विलायती नवल म्हणून पाहुण्यांना दाखवू नका. धूळ पुसा, उन्हात टांगू नका, रबर जातं. आणि अमकी पळाली असं गाव म्हणू लागलं, तर आधी तिच्या घरच्या कोनाड्यात बघा. चप्पल आहे का.