तीन फळ्यांचा हिवाळा

करवतीनं कापलेल्या कडेला ती फुगली होती – फार नाही, नखानं चाचपलं तर लागेल इतकीच – पण हेल्मीचा अंगठा एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीतल्या प्रयोगशाळेत कामाला होता, त्याला फसवणं सोपं नव्हतं. तिनं हातमोजा काखेत धरला आणि अंगठा पुन्हा एकदा त्या तांबूस फळीच्या टोकावरून फिरवला. फुगलीच आहे. पाणी प्यायलीय. मग तिनं फळी उलटी केली, आणि खालची बाजू बघून तिला मनातल्या मनात हसू आलं; वरून आणि दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं जाड कवच, आणि खाली, जिथे कोणी बघत नाही तिथे, उघडा भुसा. पाहुण्यांसाठी नवा अभ्रा घालावा आणि खालची उशी तशीच कळकट ठेवावी, त्यातला प्रकार.

स्वयंपाकघरात नेऊन तिनं फळी पुसली, चुलीजवळ तासभर उभी ठेवली आणि मग वजनकाट्यावर चढवली. नोव्हेंबरपेक्षा एकसष्ट ग्रॅम जास्त. उरलेल्या दोघी कालच तोलून झाल्या होत्या; त्यांचं वजन जवळजवळ होतं तेवढंच. कॉफीच्या कपाशेजारच्या कागदावर तिनं आकडे लिहिले, खाली रेघ मारली, आणि त्या रेघेकडे बघताना तिला कितीतरी दिवसांनी असं वाटलं की आपण काहीतरी काम करतो आहोत... आजारी माणसासारखं आपल्याला बसवून ठेवलेलं नाही.

तीन वाजता ओरेस्ट येणार होता. बरोबर तिची मुलगी राईयाही. ओरेस्ट या भागातली निम्मी घरं बांधणारा गडी, मोठा, लालबुंद, बूट काढताना धापा टाकणारा. घर आणि सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, यांच्यामधला फळ्यांचा ओटा नव्यानं घालायला त्यानंच नोव्हेंबरात या तीन फळ्या आणून दिल्या होत्या, एकेक मीटर लांबीच्या: एक तांबूस, एक अक्रोडासारखी गडद, एक राखाडी. भुसा आणि प्लास्टिक एकत्र दाबून केलेल्या. “बाई, यातली कुठलीही घ्या, पंचवीस वर्षं बघायला नको,” तो म्हणाला होता, आणि ती म्हणाली होती, “पंचवीस वर्षं मी कशाला बघतेय? मला एक हिवाळा बघू दे.” म्हणून तिनं तिन्ही फळ्या सौनाच्या दारासमोर दोन ओंडक्यांवर शेजारी शेजारी टाकल्या आणि बर्फ पडू दिला.

राईयाला मात्र हिवाळाबिवाळा काही बघायचा नव्हता. तिचं ठरलेलंच होतं. “अक्रोडी घे आई. फोटोत किती छान दिसेल.” फोटोत! ओटा फोटोत कशाला दिसायला हवा, हे हेल्मीनं विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं. घर विकायचं तर फोटो लागतात. शहरात, इस्पितळाजवळ, लिफ्ट असलेल्या इमारतीत एक जागा मे महिन्यापासून रिकामी होणार होती, आणि तिचा अर्ज राईयाच्या पिशवीत सहीपुरता थांबला होता. ओटा कुजला होता, नवा तर घालायलाच हवा होता. प्रश्न एवढाच होता की तो कोणासाठी घालायचा – येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी की माझ्या पायांसाठी.

माझे पाय... हेल्मीनं टेबलाखाली त्यांच्याकडे पाहिलं. लोकरी मोज्यांत गपगुमान बसलेले, शिक्षा झाल्यासारखे.

बारा वाजता तिनं सौनाची भट्टी पेटवली. घर आणि सौना यांच्यामध्ये तोच जुना ओटा, अकरा पावलांचा. ती तो खिळे लावलेले बूट घालून, कठड्याला धरून ओलांडायची. बर्चची लाकडं रचली, सालीला काडी लावली, धूर सरळ वर गेला. थोड्या वेळानं फोन वाजेल – आणि वाजलाच. “धूर दिसला,” टेकडीपलीकडच्या घरातून राईया म्हणाली. “बरं वाटलं. दार आतून लावू नकोस. आणि तीनच्या आत आटप, ओरेस्ट यायचाय.” – “हो गं.” – “सावकाश ये बाहेर.” – “हो गं बाई!”

धूर दर शनिवारी दिसायचा. चौदा महिने. आणि चौदा महिन्यांत हेल्मी एकदाही सौनात गेली नव्हती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती भट्टी पेटवायची, लाकडं घालायची, परत घरात यायची, आणि तिकडे रिकामी फळकुटं तापत असताना इकडे न्हाणीघरात नळाखाली उभी राहून अंग धुवायची... चोरासारखी, आपल्याच घरात. साठ वर्षं जिचा शनिवार चुकला नाही ती बाई. प्रसूतीच्या आदल्या दिवशीही जी गेली होती ती बाई. मग केस ओले करून खिडकीत बसायचं, म्हणजे कोणी आलं तर शंका नको.

कारण गेल्या वर्षीच्या जानेवारीतला तो एक शनिवार. ती अंगातून वाफा निघत असताना बाहेर आली होती, अनवाणी, नेहमीसारखी – बूट घालून सौनातून बाहेर येणारा माणूस त्यांच्यात कोणी पाहिला नव्हता – आणि दुसऱ्याच पावलाला आभाळ समोर आलं होतं. मनगट मोडलं. पडून राहिली तेव्हा दुखण्याच्या आधी जे जाणवलं ते तिनं कोणालाच सांगितलं नाही. तळपायाला जे लागलं होतं ते बर्फ नव्हतं. ते लाकूड होतं. गुळगुळीत, सुरेख, गालासारखं लाकूड.

ताउनोनं ते तसं केलं होतं. तिच्या नवऱ्यानं. सगळे लोक ओट्याला खरबरीत फळ्या ठोकतात. पण ताउनो सौना बांधणारा कारागीर, त्याला फळी म्हणजे उघड्या अंगानं बसायची जागा. त्यानं एक अख्खा उन्हाळा खाली बसून ओट्याची प्रत्येक फळी रंध्यानं तासली, मग घासली, मग तेल पाजलं. “तुझ्या पायात कुसळ जायला नको,” तो म्हणाला होता. तिला तो तेव्हा इतका आवडला होता की तिनं त्या संध्याकाळी त्याच्या भुसा भरलेल्या केसांत... जाऊ दे. पहिली काही वर्षं काही झालं नाही. पण पावलं पडत गेली, लाकूड आणखी झिजत, चकाकत गेलं, आणि ताउनो जाऊन तीन वर्षं झाल्यावर एका शनिवारी त्याच्या प्रेमानं तिला उताणं पाडलं.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं होतं, कशा पडलात? तिनं तोंड उघडलं होतं. पण राईयाच बोलली, “वय झालंय हो तिचं,” आणि हेल्मीनं मान डोलावली. काय सांगणार होती? की तुझ्या बाबांनी चुकीचं काम केलं? जो माणूस स्वतःची बाजू सांगायला उरला नाही, त्याची चूक काढायची? त्यापेक्षा वय बरं. वयावर काही ढकललं तर वय तक्रार करत नाही. तिनं ते फक्त त्या दिवसापुरतं पुढे केलं होतं, पण ते मग मागे घेता येईना. लोक जिन्यात तिचा दंड धरायला लागले, तिच्याशी मोठ्यानं बोलायला लागले, आणि हळूहळू ती स्वतःही जिन्यात दंड पुढे करायला लागली. हे आत्ता, कागदावरच्या एकसष्ट ग्रॅमांकडे बघताना, तिला लख्ख दिसलं, आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. ज्या बाईनं उभा जन्म गिरणीच्या साहेबांना ठणकावून सांगितलं की लगद्यात दोष आहे, यंत्रात नाही, तिनं स्वतःच्या बाबतीत उलटी नोंद मान्य केली होती!

दोन वाजता ती उठली, मोजे काढले आणि टॉवेल घेतला.

सौनात आल्यावर आधी काही वेळ ती नुसती बसली. मग तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं. चर्रर्र आवाज आला, वाफ वर गेली, छताला लागून खाली वळली आणि तिच्या खांद्यांवर बसली, आणि हेल्मीला एकदम रडू फुटलं – मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान मुलीसारखं. बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी. चौदा महिने मी कोणाला घाबरत होते? लाकडाला? तिनं आणखी पाणी ओतलं. मनगट तापलं, बोटं तापली, पाय लाल झाले, जिवंत झाले.

बाहेर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मग दुसरं. दोघं वेळेआधी आले होते. पूर्वी ती म्हणाली असती, थांबा रे, कपडे घालते. आज तिनं अंगावर बादली उपडी केली, टॉवेल घट्ट गुंडाळला आणि दार उघडलं.

“अरे देवा!” ओरेस्ट म्हणाला आणि गर्रकन वळला. “बाई, मी गाडीत बसतो.”

“कशाला? इथेच थांब. पाठ करून उभा राहा, पण कान इकडे ठेव.”

“आई, उणे नऊ आहे! बूट कुठायत तुझे? ओरेस्ट, बूट बघा जरा –”

“मी कसे बघू, मला पाठ करायला सांगितलीय.”

“राईया,” हेल्मी म्हणाली, “तू तिथेच राहा. मला धरायला आलीस तर मी आत जाऊन दार लावून घेईन.” तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, राईया कठड्याजवळ थांबली.

सकाळी तांबूस फळी परत जागेवर ठेवली होती. हेल्मी आधी तिच्यावर उभी राहिली. “ही पाय धरते,” ती म्हणाली, “पण खालून उघडी आहे, पाणी पिते. ओरेस्ट, पाच हिवाळ्यांत ही फुगून तडकेल. तुलाही माहीत आहे.” ओरेस्टनं झाडांकडे बघत खांदे उडवले, म्हणजे माहीत होतं.

मग अक्रोडी. मार्चचं ऊन दुपारभर तिच्यावर पडलं होतं. गडद रंगानं ते पिऊन वरचं दंव वितळवलं होतं, आणि अर्ध्या तासापूर्वी सूर्य सौनाच्या छपरामागे गेल्यावर ते सगळं पाणी पुन्हा गोठलं होतं, काचेसारखं, दिसू नये इतकं पातळ. फोटोत सुंदर आलं असतं. हेल्मीनं दाराची मूठ धरली आणि एक पाऊल ठेवलं. पाऊल सुळकन पुढे गेलं. राईया ओरडली. पण हेल्मी मुठीला धरून होती, आणि घाबरायच्याऐवजी तिच्या पोटातून काहीतरी वर आलं, विजयासारखं – तेच! तोच स्पर्श, तळपायाखालून जग काढून घेणारा. मी पडले नव्हते. मला पाडलं होतं.

तिनं मूठ सोडली आणि राखाडी फळीवर दोन्ही पाय ठेवले.

हिच्यावर सकाळचं दंव तसंच कोरडं होतं, पिठासारखं. ते पायाखाली करकरलं. त्याखाली फळीच्या खडबडीत रेघा लागल्या, आणि तिच्या पायांनी त्या ओळखीच्या माणसाचा हात धरावा तशा धरल्या. ती थांबली. खांद्यांतून वाफ निघत होती. मग तिनं डावा पाय उचलला आणि नुसत्या उजव्यावर उभी राहिली, एकाहत्तराव्या वर्षी, टॉवेलमध्ये, काही न धरता.

“आई, पुरे.”

“नाही पुरे. ऐक. त्या दिवशी माझं वय घसरलं नव्हतं. तुझ्या बाबांनी हा ओटा सौनातल्या बाकासारखा गुळगुळीत करून ठेवला होता. माझ्या पायांत कुसळ जाऊ नये म्हणून.”

राईया कठड्याला धरून वाकली. तिनं पायाखालच्या जुन्या फळ्यांकडे पाहिलं, मग बुटानं त्यातली एक चाचपून पाहिली.

“मग सांगितलं का नाहीस?” तिचा आवाज बारीक झाला होता. “मी चौदा महिने रात्रीची झोपत नाहीये, आई.”

“कसं सांगू? ते तुझे बाबा होते.”

“पण तू तर दर शनिवारी येत होतीस इथे. धूर असायचा.”

“धूर असायचा. मी नसायचे.”

राईयाचा चेहरा असा झाला की हेल्मीला वाटलं आता ही रागावणार. आणि ती रागावलीच, “म्हणजे मी तिकडे धुराकडे बघून देवाचे आभार मानतेय आणि तू इकडे –” आणि मग तिला हसू आलं, आणि हसताहसता तिनं हातमोज्याच्या पाठीनं नाक पुसलं. पिशवी तिच्या खांद्यावरच होती. ती तिनं उघडली नाही, आणि आत अर्ज आहे की नाही, त्याचं काय करायचं, याबद्दल चकार शब्द काढला नाही. हेल्मीनंही विचारलं नाही.

“म्हणजे राखाडी लिहू?” ओरेस्टनं झाडांना विचारलं.

“लिही. आणि खालच्या तुळया बाराबारा इंचांवर, बर्फाचं ओझं असतं. थंडीत बसवलीस तर टोकांना फटी मोठ्या सोड, उन्हाळ्यात ही अंग पसरते.”

“बाई, हे मला शिकवताय?”

“कोणीतरी शिकवायला हवं. तू मला पाणी पिणारी फळी आणून दिलीस.”

ओरेस्टची पाठ हसायला लागली. राईया बूट शोधायला सौनात शिरली. आणि हेल्मी तिथेच उभी राहिली. आता थंडी तळव्यांतून घोट्यांपर्यंत चढत होती, बोटं बधिर व्हायला लागली होती, शहाण्या माणसानं आत जावं अशीच ती वेळ होती, तरी ती जात नव्हती. जुना ओटा समोर होता, झिजून चकाकणारा, अकरा पावलांचा. मे महिन्यात तो निघेल. आणि मग मी? ते माहीत नाही... पण इतके दिवस तिनं ताउनोला भिंतीवरच्या फोटोसारखा पुसूनबिसून, निर्दोष जपला होता, आणि त्या फोटोशी बोलता येत नव्हतं. आता तो गुडघ्यांवर बसलेला दिसत होता, केसांत भुसा, जीभ दातांत धरून चुकीच्या कामावर मनापासून रंधा मारणारा, तिचा.

“चुकलंच तुझं, ताउनो,” ती मोठ्यानं म्हणाली, आणि ते ऐकून तिला इतकं हलकं वाटलं, त्याच्यावर इतकं प्रेम आलं, की तिनं डावा टेकवून उजवा पायही जरा वर उचलून पाहिला आणि पुन्हा घट्ट रोवला.