तळघरातला गोड वास

"डबा आपणहून बंद पडला तर जबरदस्तीनं चालू करायचा नाही, वेलिका. आधी बघायचं, तो कशाला घाबरला." तळघरात बॅटरी आणि तिचा संरक्षणाचा डबा बसवताना माझ्या नवऱ्यानं, राडकोनं, सांगितलं होतं. राडको गेला. आता वरच्या मजल्यावर माझे धाकटे दीर मेतोडी आणि त्यांची बायको सेवदा राहतात. सेवदाचा श्वास ऑक्सिजनच्या यंत्रावर, आणि आमच्या डोंगरात बर्फ पडला की विजेच्या तारा तुटतात; मग ते यंत्र बॅटरीवरच चालतं.

यंदा डबा बॅटरी सारखी बंद पाडू लागला. वहिनींना देवाच्या तसबिरीपुढचा दिवा पुरतो, त्याच खटका पाडतात, असं भाऊजी शेजारी बोलल्याचं माझ्या कानावर आलं. मग एकाएकी बॅटरी बंद पडेनाशी झाली आणि तळघरातून गोडसर वास येऊ लागला. नाताळाआधीच्या उपवासात भाऊजी चोरून राकिया, फळांची दारू, गाळतात, असं मी मनाशी धरलं. प्रार्थनेतही लक्ष त्या वासाकडेच जाई.

त्या दुपारी बर्फानं वीज गेलेली असताना खारवलेल्या कोबीच्या पिंपातलं खारं पाणी खालून काढून वरून ओतायला मी तळघरात उतरले. दारूचं भांडं कुठंच नव्हतं. वास बॅटरीचा होता. तिचं पत्र्याचं पोट फुगलं होतं आणि संरक्षणाच्या डब्याला वळसा घालून तांब्याची तार जोडलेली होती.

हात न लावता मी वर गेले.

"तार तुम्ही जोडलीत, भाऊजी?"

"मग काय करू? तो डबा दर संध्याकाळी फुगून बसतो. सेवदाचा श्वास त्याच्या मर्जीवर सोडू?"

"फुगलीय ती बॅटरी, कधीही पेट घेईल. डबा खरं सांगत होता. आधी सेवदाला बाहेर काढा."

मी घाबरवतेय की काय, हा संशय तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत होता. मग खाली डोकावून आले, ते पांढरेफटक. दाराबाहेरचा मोठा खटका पाडून त्यांनी सेवदाला पाठीवर घेतलं आणि शेजारच्या घरी नेलं. तिथंही वीज नव्हती, फोन मुके होते. जवळचा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर अंधार पडेपर्यंतच पुरणार होता.

सेवदानं माझी बाही धरली. "तो संपायच्या आत येशील ना, ताई?"

"येईन."

भाऊजी सेवदापाशी थांबले. भरलेला सिलिंडर खालच्या गावातल्या दवाखान्यात मिळणार होता, अग्निशामकवाल्यांनाही तिथूनच कळवता येणार होतं. डोक्याला रुमाल बांधला, काठी घेतली आणि बर्फातून उतरणीला लागले.