लोर्नाने दाखवलेला डाग

टिलबरा या आडगावच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून आले, त्याला सतरा वर्षं झाली. इथली लाल धूळ मैद्यासारखी असते. बंद खिडकीतूनही आत येते, आणि इंजिनात शिरली की वर्षभरात इंजिनाला खाऊन टाकते. दोन उन्हाळ्यांत दवाखान्याच्या गाड्यांची दोन इंजिनं अशीच गेली. दुसरं गेलं तेव्हा मागच्या सीटवर गावातली जोसी बाळंतपणाच्या कळा देत होती. रेडिओवरून मदत मागवली, ती यायला चार तास लागले. तेवढ्यात बाळ झाडाखालीच झालं. दोघंही सुखरूप राहिली. पण ते चार तास मी कुणाला हसत सांगत नाही.

त्यानंतर दवाखान्याच्या समितीने ठरवलं, की दवाखान्यासाठी घेतलेल्या तिन्ही नव्या गाड्यांना इंजिनात हवा घेण्याची चांगली व्यवस्था बसवायची. कोणती, यावर मात्र गावात दोन तट पडले. किनाऱ्याकडून ड्वेन नावाचा विक्रेता आला होता. त्याच्याकडे बॉनेटखाली उघडा बसणारा, तेल लावलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर होता. दिसायला देखणा, ताकद वाढवणारा, आणि गाडीचा आवाज तर असा रुबाबदार की निम्मं गाव त्यावरच भाळलं.

दुसऱ्या बाजूला होती लोर्ना टेरंट. गावातलं एकुलतं एक गॅरेज ती आणि तिचा बाप क्लॅरी चालवायचे. तिने सुचवलेली व्यवस्था दिसायला ओबडधोबड होती. बंद खोक्यात कागदी फिल्टर, खोक्यापासून टपापर्यंत जाणारी उभी नळी, आणि नळीच्या डोक्यावर ट्रॅक्टरला असते तशी पारदर्शक वाटी. वाटीत हवा गरगर फिरते, जड धूळ कडेला फेकली जाते आणि तिथेच साठते.

"गाडीच्या डोक्यावर मुरंब्याची बरणी ठेवून फिरणार का गं तू?" क्लॅरीने भर सभेत विचारलं. लोक हसले. लोर्नाही हसली, आणि म्हणाली, तोंडाने ठरवायला नको, ग्रीसने ठरवू.

तिची युक्ती साधी होती. फिल्टरच्या पुढे, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत आतून ग्रीस फासायचं. फिल्टरमधून धूळ निसटली, तर ती ग्रीसला चिकटणारच. एक गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवली, एक ड्वेनने सजवली, एक लोर्नाने. शनिवारी सकाळी गुरं नेणाऱ्या तीन डब्यांच्या ट्रकमागे तिन्ही गाड्या दीडशे किलोमीटर पळवल्या. सगळ्यात मागे राहण्याची पाळी प्रत्येकीला सारखीच यावी, म्हणून लोर्ना मधूनमधून जागा बदलायला लावत होती. ड्वेनची गाडी ड्वेनच चालवत होता.

दुपारी सगळा गाव गॅरेजच्या शेडमध्ये जमला. नळ्या पुसून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण जखमेवर बांधायचं पांढरं स्वच्छ गॉज दवाखान्याशिवाय कुणाकडे असणार? पहिल्या गाडीचं गॉज चहासारखं निघालं. ड्वेनच्या गाडीचं विटेसारखं लाल. त्याने टोपी काढून हातात धरली. लोर्नाच्या गाडीच्या वाटीत अर्धा पेला धूळ साठली होती आणि गॉजवर नुसतं ग्रीस होतं. लोक टाळ्या वाजवू लागले.

लोर्नाने हात वर केला. ती खाली वाकली, इंजिनाकडची नळी खोक्याला जिथे जुळते तिथे आत बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. नखाएवढी तांबडी रेघ होती. तिने दाखवली नसती तर मला ती कधीच दिसली नसती.

"थांबा," ती म्हणाली. "माझ्याही नळीत धूळ आलीय."

एवढ्याशाने काय होतंय, असं कुणीतरी म्हणालं. तिने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"मागचं इंजिन एवढ्याशानेच मेलं. जोसीला विचार."

तिने जोड उघडला. आवळायचा पट्टा तिरका बसला होता. बसवून झाल्यावर मी तपासायला हवं होतं, चूक माझी, असं ती सांगत होती, तेवढ्यात मागून क्लॅरी उठला. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि चूक कबूल करणं त्याच्या स्वभावात नाही, हे सगळा गाव जाणतो.

"पट्टा मी आवळला होता," तो म्हणाला. "चाळीस वर्षं आवळतोय, म्हणून बघितलं नाही. हिने बघितलं." मग म्हणाला, "माझी पोर आहे ती."

शेवटचे शब्द त्याने अगदी हळू उच्चारले होते, तरी शेडमध्ये सगळ्यांना ऐकू गेले. लोर्ना खाली मान घालून पाने-पकडी गोळा करत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

रविवारी पट्टा नीट बसवून तीच गाडी पुन्हा तेवढीच पळवली. या वेळी गॉज ड्वेनने स्वतः फिरवलं. जोडाच्या खाचेतसुद्धा दोनदा पुसलं, उजेडात धरलं, आणि सगळ्यांना दिसेल असं उंच केलं. पांढरं होतं. शहराच्या रस्त्यावर माझा माल चांगला आहे, इथे हिचाच घ्या, असं त्याने समितीला सरळ सांगितलं. मला तो माणूस त्या दिवशी आवडला.

याला आता सहा वर्षं झाली. तिन्ही गाड्या धावताहेत, इंजिनं तीच आहेत. गेल्या हिवाळ्यात लांबच्या दोन दवाखान्यांतले लोक चौकशीला आले, तेव्हा क्लॅरीने त्यांना दारातच अडवलं. त्यातलं मला विचारू नका, म्हणाला, लोर्नाला विचारा. पण ती आधी तुमच्याच गाडीत ग्रीस फासून तुम्हाला धुळीत पाठवील, तेव्हा चहा पिऊन जा.