सातव्या रांगेचा कागद

मी एक जुने पॅड आहे. तेच ते, परीक्षेला जाताना तुम्ही काखेत मारता ते. तपकिरी दाबलेला पुठ्ठा, डोक्याला लोखंडी चिमटा आणि एका कोपऱ्याला खाच. ही खाच उंदराने कुरतडलेली नाही बरे का, ती लिफ्टच्या दाराची आहे.

माझा जन्म लाकडाच्या भुशातून झाला. गरम यंत्राखाली मी दाबला गेलो, कापला गेलो, आणि एका बाईने चिमटा बसवायला माझ्या डोक्यात दोन रिबिटा ठोकल्या. चिमटा तीनदा उघडून मिटून पाहत ती म्हणाली, "पास!" मित्रांनो, कितीतरी जणांना आम्हा पॅडांवर पेपर लिहूनही हा शब्द मिळाला नाही. मला तो जन्मतःच मिळाला.

स्टेशनरीच्या दुकानातून मला घेतले बारकीच्या आईने. बारकी म्हणजे घरातली धाकटी, उंचीनेही बेताचीच. ती हिशेब तपासणाऱ्या एका मोठ्या कंपनीत उमेदवारीला लागली होती. तीन वर्षे दिवसा काम शिकायचे, पहाटे अभ्यास करायचा आणि मधूनमधून परीक्षा द्यायच्या. आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. मला पोरीच्या हातात देत ती म्हणाली, "कामालाही हेच वापर आणि परीक्षेलाही. दोन दोन वस्तू हरवायच्या कशाला?"

बारकीच्या कंपनीची इमारत बारा मजली होती. आठव्या मजल्यावर चाळीस उमेदवार लांबच लांब टेबलांशी बसत. पहिले वर्ष बारकीने कागद लावण्यात, बरोबरच्या खुणा करण्यात आणि कुरकुरणाऱ्या खुर्चीशी भांडण्यात घालवले. पण तिला काम आवडे. दोन आकडे जुळले की ती माझ्यावर बोटांनी टकटक करी. मलाही बरे वाटे. फक्त परीक्षेत ती तीन गुणांनी गेली. पुन्हा नापास झाली तर उमेदवारी संपणार होती.

दुसऱ्या वर्षी तिला रंगाच्या कारखान्यात डबे मोजायला पाठवले. गोदामात बारा रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेला एक कागद. तिथले गोदामकाका तीस वर्षे त्याच चाव्या सांभाळत होते. त्यांनी बारकीला वरच्या फळ्या दिसाव्यात म्हणून स्टूल दिले, प्यायला पाणी दिले. तिने मन लावून मोजले. चूक वेगळीच झाली. प्रवासात वाचायला म्हणून तिने घसाऱ्याची, म्हणजे वापराने वस्तूची किंमत कशी घटते त्या धड्याची, टिपणेही माझ्याच चिमट्यात अडकवली होती. सातव्या रांगेत एक डबा गळत होता. त्याचा ओला रंग कागदाच्या पाठीला लागला, आणि तो कागद टिपणांच्या पाठीला गोंद लावावा तसा चिकटला.

मला ते कळत होते. पण पॅडला तोंड कुठे असते?

कार्यालयात तिच्या सीनियर दादाने बेरीज केली. कागद अकरा की बारा, हे कोणी पाहिलेच नाही. अख्खे गोदाम मोजणाऱ्यांनी कागद तेवढे मोजले नाहीत! चारशेच्या वर डबे कमी भरले. कंपनीच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमच्या सहीने कारखान्याला पत्र गेले, आणि चौकशी होईपर्यंत गोदामकाकांना घरी बसायला सांगितले गेले.

पाच दिवसांनी, सकाळी, बारकी जिन्याच्या पायरीवर घसारा वाचत होती. तिने पान उलटले तसा चर्रकन आवाज झाला. टिपणाच्या पाठीला आणखी एक कागद होता. रांग सातवी, डबे चारशे आठ. खाली तिचेच अक्षर.

आई कामाला निघाली होती. तिने विचारले, "काय झालं गं? चेहरा का असा?"

"आई, माझ्यामुळे एक माणूस घरी बसलाय."

सगळे ऐकून आईने पिशवी खांद्याला लावली. "मग तू इथे का बसलीयेस? डाग ओला असतो तोवरच निघतो बाई. वाळला की मग नुसतं घासत बसायचं. ऊठ."

कार्यालयात सीनियर दादाने कागद पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आण इकडे. मी गुपचूप जोडतो. पुन्हा तपासलं, जुळलं, असं म्हणू. नऊ दिवसांवर परीक्षा आलीय तुझी. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

तो वाईट नव्हता, मित्रांनो. घाबरला होता.

"काकांना कोणीतरी खरं काय झालं ते सांगायला नको का?" बारकी म्हणाली. तिने मला छातीशी इतके घट्ट धरले की तिच्या काळजाची धडधड मला पुठ्ठ्यातून ऐकू आली. बंद होणाऱ्या लिफ्टमध्ये ती घाईने शिरली आणि दाराने माझा कोपरा चावला. तिच्या लक्षातही आले नाही.

वरच्या मजल्यावर मोठ्या मॅडमनी कागद वाचला. उलटा केला, रंगाचा डाग पाहिला.

"गेल्या परीक्षेत किती गुणांनी गेलीस?"

"तीन."

"हं. चल माझ्याबरोबर."

"मॅडम, फोन करायचा का त्यांना?"

"शिक्का मारून पत्र पाठवलं आपण. माफी फोनवर मागायची?"

गोदामकाका घरी गळका नळ दुरुस्त करत बसले होते. हात पुसून त्यांनी कागद घेतला. बारकीने एका दमात सगळे सांगितले, एकही शब्द न गाळता. काका रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "चारशे आठ. बरोबर आहे."

मग ते बारकीकडे वळले. "पोरी, पाच दिवस मी मनातल्या मनात गोदाम मोजतोय. दर वेळी सातव्या रांगेशी थांबायचो. म्हणायचो, इथे तर सगळं होतं. मला वाटायला लागलं होतं, आपलीच बुद्धी फिरली."

बारकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. मॅडमही खाली पाहू लागल्या.

"रडू नकोस," काका म्हणाले. "उद्या सगळं पुन्हा मोजू. माझ्यासमोर."

दुसरा अख्खा दिवस अभ्यास बुडवून बारकीने बाराही रांगा मोजल्या. काकांनी तिला मोजलेल्या प्रत्येक फळीवर खडूची रेघ ओढायला शिकवले. आकडा एकाने कमी आला आणि ती पुन्हा मोजायला वळली. "गळका डबा मी बाहेर काढला होता," काका म्हणाले, आणि तेव्हा ते पहिल्यांदा हसले. त्याच संध्याकाळी चाव्या त्यांच्या कमरेला परत आल्या.

बारकीच्या नावापुढे फायलीत शेरा लागला, सीनियर दादाच्याही. तो पुसला गेला असे खोटे कशाला सांगू? पण मॅडमनी तिला काढले नाही. परीक्षेत ती माझ्यावरच पेपर लिहून चार गुण जास्तीचे घेऊन पास झाली. पुढे तीन वर्षे पुरी केली, आणि आज तिच्या स्वतःच्या सहीने पत्रे जातात. सही करण्याआधी ती जोडलेले कागद मोजते. हाताखालची पोरे त्यावरून तिची थट्टा करतात. करू देत.

नंतर मोजणीला हातातली चपटी यंत्रे आली आणि माझे दिवस फिरले. काही काळ मी कपाटामागे होतो, काही काळ पाण्याच्या पिंपावर झाकण. चिमटा गंजला. पण आई निवृत्त झाली, तिला शब्दकोड्यांचा नाद लागला, आणि तिने मला शोधून काढले. बारकीच्या बाबांनी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब माझ्या चिमट्यात सोडला. आता रोज दुपारी आई मला मांडीवर घेऊन शब्द अडला की पेन्सिल चावत बसते. मी सुखात आहे.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. वर्षातून एक थेंब तेल पुरते. मागणे एवढेच की एखादा माणूस शपथेवर "माझ्याकडे सगळं जागच्या जागी होतं" असे म्हणाला, तर त्याच्यावर संशय घेण्याआधी आपल्या हातातले कागद एकदा उलटून पाहा.