उघडी बशी

"टोपी काढा की मॅडम. तुमचा नेहमीचा हिजाबचा रुमाल बांधा ना," फोटोग्राफर म्हणाला.

ती पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटासमोर बसली होती. डोक्याला प्रयोगशाळेची कागदी टोपी. पहिल्या वर्षी याच प्रयोगशाळेच्या दारात सरांनी तिला अडवलं होतं. "रुमाल बाहेर. इथे ज्योत असते, आणि डोकंही मोकळं लागतं." सगळे खो खो हसले होते. तेव्हापासून आत येताना टोपी, जाताना रुमाल. घरी मावशी म्हणायची, "आज रुमाल सुटला, उद्या पोरगी सुटेल." दोन्हीकडची बोलणी गिळत तिची पीएच.डी. शेवटच्या प्रकरणापर्यंत आली होती.

"जा, बांधून ये," सर म्हणाले. "माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर जायचंय. तुमच्यातल्या मुली इथे शिकतात, हे लोकांना दिसायला नको?"

"आमच्यातल्या किती आहेत, सर?"

"तू आहेस ना!"

"मग मी अशीच दिसते."

फोटोग्राफरला हसू फुटलं. सरांना नाही. "नाटकं पुरेत," म्हणत त्यांनी तिच्यासमोरची पेशींची बशी उचलली, खिडकीपाशी नेली आणि झाकण काढलं. प्रयोगाला हात लावून त्यांना वर्षं लोटली होती. "मी हिला समजावतोय, असा घ्या," ते उघड्या बशीवर वाकून बोलत राहिले.

उन्हाळाभर जोपासलेल्या पेशी. शेवटचा प्रयोग उद्या त्यांच्यावरच होता. उघड्या हवेत, बोलत्या तोंडाखाली, त्या आता कामातून गेल्या होत्या.

"सर, झाकण लावा."

"अगं, दोन मिनिटं! काय होतंय?"

"वाट लागली, हे होतंय!" तिचा आवाज चढला. "माझ्या रुमालाची भीती होती ना तुम्हाला? माझा अख्खा उन्हाळा तुमच्या थुंकीनं गेला!"

"कुणाशी बोलतेस? मी तुझा गाईड आहे."

"मग गाईडसारखं वागा. ठेवा ती बशी, आता ती तुमचीच. हवे तेवढे फोटो काढा. मी त्यात नसेन."

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. सर झाकण शोधू लागले.

तिने हातमोजे बदलले. पुन्हा पहिल्यापासून वाढवायला शीतपेटीतून गोठवलेल्या पेशींची नवी कुपी काढली आणि कोमट पाण्यात धरली. कुपीतला बर्फ कडेनं सुटत गेला, मधोमध वाटाण्याएवढा उरला. तिने तिकडून नजर हलवली नाही.